पहिल्या पानावरची दुरुस्ती

"तुम्ही गोऱ्या नाही आहात," मिस्टर क्वान्सा म्हणाले.

यावर काय उत्तर द्यावं हे आमच्या पत्रकारितेच्या वर्गात शिकवलं नव्हतं. माझ्या एका हातात बॅग होती, दुसऱ्या हातात नेमणुकीचं पत्र. दोन विमानं आणि एक मिनीबस बदलून मी पोचले होते.

"नाही," मी म्हणाले. "मी हर्णेची आहे."

"ते कुठे आलं?"

"भारतात. मुंबईजवळ."

हर्णे मुंबईजवळ नाही. एसटीने सात-आठ तास लागतात. पण परदेशात गेलं की सगळा महाराष्ट्र मुंबईजवळ येतो.

मिस्टर क्वान्सांनी टेबलावरचा मागच्या आठवड्याचा अंक माझ्यापुढे सरकवला. पहिल्या पानावर चौकट होती: 'शोरलाइनमध्ये लवकरच आंतरराष्ट्रीय पत्रकार रुजू होणार.' चौकटीत फोटो नव्हता, पण वाचणाऱ्यांनी मनात जो लावला होता तो माझा नव्हता, एवढं मला कळलं.

"हरकत नाही," ते म्हणाले. "आंतरराष्ट्रीय तर आहात."

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बावीस वर्षांची होते. पुण्यात पत्रकारितेची पदविका नुकतीच संपली होती. एका संस्थेची योजना होती. परदेशातल्या वर्तमानपत्रात तीन महिने बिनपगारी शिकाऊ म्हणून काम करायचं, तिथल्याच कुटुंबात राहायचं. अर्जात पसंतीचे तीन देश लिहायचे होते. मी लिहिलं, इंग्लंड, आयर्लंड, किंवा कुठेही. त्यातलं 'कुठेही' लागलं. ते होतं पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशातलं केप कोस्ट नावाचं समुद्रकाठचं शहर आणि तिथलं 'शोरलाइन' हे इंग्रजी साप्ताहिक. बारा पानं, दर शुक्रवारी.

मिस्टर क्वान्सा त्याचे संपादक. साठीचे, काठीसारखे सरळ, निवृत्त मुख्याध्यापक. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि हातात कायम लाल पेन. दुसरा माणूस क्वेसी. तो तिशीचा होता आणि फुटबॉलचं पान लिहायचा. वार्ताहर, फोटोग्राफर आणि प्रूफ तपासणारा असे आणखी तीन कर्मचारी होते, म्हणजे तेही क्वेसीच.

"तुम्हाला कशात रस आहे?" मिस्टर क्वान्सांनी विचारलं.

"राजकारण," मी म्हणाले. "मानवी हक्क. स्त्रियांचे प्रश्न."

"उत्तम. मग मासळीबाजार घ्या. तिथे तिन्ही आहेत."

माझा चेहरा उतरला असावा, कारण ते थांबले.

"काही अडचण?"

"नाही. पण मला मासळीतलं काही कळत नाही."

पोचल्यापासून अर्ध्या तासातलं हे माझं दुसरं खोटं होतं आणि पहिल्यापेक्षा बरंच मोठं. माझी आय हर्णे बंदरावर मासे विकते. माझी आजी विकायची. मी चालायला शिकले तीच मुळी पाट्यांच्या कडा धरून. पण पुण्याच्या होस्टेलवर पहिल्याच महिन्यात मी घरून परत आले, बॅग उघडली आणि माझ्या खोलीतल्या मुलीने एक शब्दही न बोलता उदबत्ती लावली. ती काही बोलली असती तर मी भांडले असते. नुसत्या उदबत्तीशी कसं भांडणार? त्या दिवसापासून कुणी विचारलं की मी सांगायचे, कोकणात आमचा घरचा धंदा आहे. कसला ते सांगायची वेळ येऊ द्यायची नाही, यात मी तीन वर्षांत तरबेज झाले होते.

आणि एवढा समुद्र ओलांडून आल्यावर मला मिळालं काय, तर मासळीबाजार.

बुधवारी सकाळी क्वेसी मला किनाऱ्यावर घेऊन गेला. वाटेत मुलं मागून ओरडत होती, "ओब्रोनी, ओब्रोनी."

"म्हणजे काय?"

"परदेशी," क्वेसी म्हणाला. "खरं तर गोरी."

माझा रंग बघून हर्णेत कुणी हा शब्द माझ्यासाठी वापरला असता तर आयने आधी त्याचे डोळे तपासायला सांगितले असते.

किनारा दिसला आणि माझी पावलं मंद झाली. पुरुष लांबलचक लाकडी होड्या वाळूवर ओढत होते, होड्यांच्या अंगावर लाल-पिवळी नक्षी, डोलकाठीला झेंडे. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून होड्यांतली मासळी मोठ्या पत्र्याच्या घमेल्यांत भरून घेत होत्या. सगळा गलका, वास, चिखल. एक बाई दुसरीला कोपराने ढकलून पुढे गेली आणि दुसरीने तिच्या घराण्याचा उद्धार केला. भाषा मला कळत नव्हती, पण त्या वाक्यातला एक शब्दही समजावून सांगायची गरज नव्हती.

"आता आपण नानांना भेटायचं," क्वेसी म्हणाला. "नाना एकुआ. त्यांनी भाव सांगितल्याशिवाय इथे एक मासा विकला जात नाही. मासळीबाजाराची राणी म्हण."

नाना म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एक धोतरवाले गृहस्थ आले. प्रत्यक्षात छत्रीखाली लाकडी स्टुलावर एक भक्कम बाई बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, निळ्या छापाचं लुगड्यासारखं कापड नेसलेली. तिकडे वडीलधाऱ्या आणि मानाच्या माणसाला, बाई असो की पुरुष, नाना म्हणतात. मी मान झुकवून नमस्कार केला. नानांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि काहीतरी बराच वेळ बोलल्या. हातवारे केले, समुद्राकडे बोट दाखवलं, शेजारच्या बायका हसल्या.

"काय म्हणाल्या?"

"बस म्हणाल्या," क्वेसी म्हणाला.

"एवढं सगळं फक्त बस?"

"मुख्य मुद्दा तोच होता."

क्वेसीच्या एका कानात लहान रेडिओची वायर होती. कुठल्या तरी सामन्याची चर्चा चालू होती. मी प्रश्न विचारायचे, तो फान्टी भाषेत विचारायचा, नाना तीन मिनिटं बोलायच्या आणि तो मला तीन शब्द द्यायचा. मुली किती शिकतात? "कमी." सरकार मदत करतं का? "नाही." नवऱ्यांबद्दल काय मत आहे? यावर नाना सर्वांत जास्त वेळ बोलल्या, चौदा बायका पोट धरून हसल्या, आणि क्वेसी म्हणाला, "काही विशेष नाही."

मी वाट बघत होते आणि माझा हात रिकामा होता. शेजारी घमेलं भरलेलं होतं. आपल्या तारलीची मावसबहीण शोभेल अशी मासळी, रुपेरी, बोटभर जाड. नकळत मी एक उचलली. बोलता बोलता हातात फिरवत राहिले.

तेवढ्यात नानांचा आवाज बदलला. त्या गंभीरपणे बोलू लागल्या, घमेल्यांकडे हात करून. दोन-तीनदा एकच शब्द आला. शेवटी माझ्या वहीकडे बोट दाखवून त्यांनी काहीतरी बजावलं.

"तीन दिवस बर्फ आलेला नाही," क्वेसी म्हणाला. "बर्फाचा कारखाना बंद आहे. मासळी सडली. हे लिही म्हणतात."

"सडली?"

"सडली."

"नक्की सडली म्हणाल्या?"

"हर्षला, भाषा कुणाची आहे? तुझी की माझी?"

मी हातातला मासा घमेल्यात ठेवला, पँटला हात पुसला आणि वहीत लिहिलं: सडली.

शुक्रवारच्या अंकात माझी बातमी पहिल्या पानावर होती. 'मासळी सडली: बाजाराच्या राणीची कबुली.' मथळा मिस्टर क्वान्सांचा होता. खाली ठळक अक्षरांत, हर्षला तांडेल, आंतरराष्ट्रीय प्रतिनिधी. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव छापून आलं होतं. मी सहा अंक बाजूला काढून ठेवले, एक होस्टेलवरच्या त्या उदबत्तीवालीसाठीसुद्धा.

शोरलाइन वाचणारे फार तर पाचशे लोक होते. पण तिथे एक पद्धत होती. रोज सकाळी स्थानिक रेडिओवर एक माणूस सगळ्या वर्तमानपत्रांचे मथळे फान्टीत वाचून दाखवायचा, वर आपली टिप्पणी करायचा. त्यामुळे पाचशे लोक वाचायचे आणि सगळा किनारा ऐकायचा. आतल्या शहरांतून मासळी न्यायला येणारे ट्रकवालेही गाडीत तोच रेडिओ लावायचे.

अकराच्या सुमाराला कार्यालयाचं दार उघडलं आणि नाना एकुआ आत आल्या. त्यांच्यामागून एकेक करत चौदा बायका. प्रत्येकीच्या डोक्यावर घमेलं. त्यांनी ती घमेली आमच्या फरशीवर ओळीने मांडली, माझ्या टेबलापासून मिस्टर क्वान्सांच्या टेबलापर्यंत. चालायला जागा उरली नाही. कुणीही आवाज चढवला नव्हता, हे सगळ्यांत वाईट होतं.

क्वेसी म्हणाला, "मी जरा आलोच," आणि संडासात गेला.

मिस्टर क्वान्सा उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. नाना बोलू लागल्या आणि या वेळी भाषांतर त्यांनी केलं. शाळामास्तराचं भाषांतर, एकही शब्द न गाळता.

"नाना म्हणतात, बुधवारी मी या मुलीला सांगितलं की तीन दिवस बर्फ नाही, आज संध्याकाळपर्यंत आला नाही तर ही सगळी मासळी सडेल. म्हणून लिहा, म्हणजे कारखानेवाले हलतील. सडेल म्हणाले, सडली म्हणाले नाही. नाना म्हणतात, आज सकाळपासून एकही ट्रक आला नाही. रेडिओ ऐकून सगळे पुढच्या बंदराकडे वळले. नाना म्हणतात, ही समोर आहे ती आजची मासळी. नाक लावून पाहा."

मिस्टर क्वान्सांनी नाक लावलं नाही. त्यांनी कपाटातून जिनची बाटली काढली. तिकडे मोठ्या माणसाची माफी मागताना बाटली पुढे ठेवायची रीत आहे. दोन्ही हातांनी ती टेबलावर ठेवून ते नानांना काहीतरी म्हणाले आणि मग माझ्यासाठी इंग्रजीत सांगितलं, "मी सांगितलं, ही मुलगी नवीन आहे, परदेशी आहे. तिला मासळीतलं काही कळत नाही. अजाणतेपणी चूक झाली."

नाना माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी घमेल्यातला एक मासा उचलला आणि बोलत बोलत दाखवू लागल्या. मिस्टर क्वान्सा भाषांतर करताना हळूहळू मंद होत गेले.

"नाना म्हणतात, ज्याला कळत नाही तो मासा शेपटीला धरून उचलतो आणि तोंड वाकडं करतो. हिने बुधवारी माझ्या घमेल्यातला मासा असा मानेला धरून उचलला. अंगठ्याने कल्ला वर केला. अंगठ्याने, बोटाने नाही. आत लाल आहे का पाहिलं. मग पोट दाबलं. मग डोळा पाहिला. हे सगळं माझ्याशी बोलताना, घमेल्याकडे न बघता. नाना विचारतात, हिला हे कुणी शिकवलं?"

संडासातला नळ वाहायचा थांबला.

माझ्याकडे उत्तरं बरीच होती. क्वेसीचं नाव घेता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण प्रश्न तो नव्हता.

"माझ्या आईने," मी म्हणाले.

"तुमची आई काय करते?" हा प्रश्न मिस्टर क्वान्सांनी स्वतःच विचारला.

"मासे विकते. बंदरावर."

त्यांनी ते फान्टीत सांगितलं. चौदा बायकांमध्ये एक कुजबूज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

"नाना विचारतात, म्हणजे मासा ताजा आहे हे तुला दिसलं होतं?"

"हो."

"आणि तू सडला लिहिलंस."

"हो."

"का?"

"कारण मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मला कळत नाही. मासा ताजा आहे म्हटलं असतं तर मला कसं कळलं ते सांगावं लागलं असतं."

हे वाक्य मी इंग्रजीत बोलले आणि बोलून झाल्यावरच मला त्याचा अर्थ लागला. तीन वर्षं मी समजत होते की हे माझं खासगी गुपित आहे, कुणाचं काही बिघडत नाही. ते आता चौदा घमेली भरून फरशीवर मांडलेलं होतं.

नानांनी मासा घमेल्यात ठेवला, बाटली उचलून शेजारच्या बाईकडे दिली आणि निकाल सांगितला. "बाटली घेतली. आजची मासळी आम्ही धुरी देऊन वाचवू. उद्या सकाळी ही माझ्या शेजारी बसेल. बाजाराचं नाव हिने घालवलं, हिनेच परत आणायचं." मग संडासाच्या बंद दाराकडे बघत त्या आणखी काही बोलल्या आणि चौदा जणी पहिल्यांदाच हसल्या.

"काय म्हणाल्या?" आतून क्वेसीने विचारलं.

"घमेली तू वाहणार आहेस," मिस्टर क्वान्सा म्हणाले.

शनिवारी सकाळी क्वेसी डोक्यावर घमेलं घेऊन पाण्यातून आला तेव्हा बायकांनी काम थांबवलं. तिकडे हे काम पुरुष करत नाहीत. त्याच्या आवडत्या संघाच्या जर्सीवरून माशांचं पाणी ओघळत होतं आणि तो मान इतकी ताठ धरून चालत होता की त्याला वाटेतली दोरी दिसली नाही. घमेलं वाचलं. क्वेसी गुडघ्यावर आला, पण दोन्ही हात वर तसेच. एका म्हातारीने टाळी वाजवली.

मला नानांनी शेजारी बसवलं. कमरेला एक जुनं कापड गुंडाळायला दिलं. समोर सात घमेली. गिऱ्हाईक येत होतं, लांबून बघत होतं, आणि नाक वळवून जात होतं.

"फ्रेश फिश," मी म्हणाले. "व्हेरी फ्रेश."

नाना क्वेसीला काहीतरी बोलल्या.

"विचारतात, तू प्रार्थना करते आहेस का?"

मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. एक कावळा हलला. इंग्रजीत मासे विकता येत नाहीत, निदान मला तरी नाही. ती भाषा मी परीक्षेसाठी शिकले होते. मी उभी राहिले, लुंगीसारखं गुंडाळलेलं कापड खोचलं आणि पोटातून आवाज काढला.

"आवो या गो बायांनो, या. फडफडीत हाय, आताच दर्यातना आली. डोला बघा, कल्ला बघा, मंग बोला. सडली म्हणतंय कोन? दावा मला त्याला."

माझा आवाज नव्हताच तो. आयचा होता, अगदी त्यातल्या शेवटच्या ओढीसकट. तीन वर्षं तो कुठे बसून होता कोण जाणे. मग लोक यायला लागले, मासे घ्यायला नव्हे, बेंबीच्या देठापासून ओरडणारी ओब्रोनी बघायला.

"ही काय म्हणते?" कुणी तरी नानांना विचारलं. नानांनी ठणठणीत आवाजात उत्तर दिलं. क्वेसीने मला सांगितलं, "त्या म्हणतात, ही म्हणते आहे की मी खोटं लिहिलं, पण मासा खरा आहे."

भाषांतर शब्दशः नव्हतं, पण मुख्य मुद्दा तोच होता.

गर्दीतून एक शिडशिडीत बाई पुढे आली. चष्मा, पर्स, काखेत शोरलाइनचा अंक. शाळेत शिकवणारी असावी, कारण ती इंग्रजीत बोलली आणि माझी चाचणी घेतल्यासारखी बोलली.

"पेपरात लिहिलंय मासळी सडली आहे."

"ते मीच लिहिलं."

"तुम्ही? मग आज ताजी म्हणता त्यावर मी का विश्वास ठेवायचा?"

गर्दी माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी एक मासा मानेला धरून उचलला, अंगठ्याने कल्ला वर केला आणि तिच्या चष्म्यापुढे धरला.

"माझ्यावर ठेवू नका. याच्यावर ठेवा."

तिने वाकून पाहिलं. वास घेतला. डोळा तपासला. मग स्वतः दुसरा मासा निवडला, घमेल्याच्या तळातला, आणि त्याचाही कल्ला उघडला. तळातलाही लालभडक होता.

"शाळेच्या जेवणासाठी हवी आहे," ती म्हणाली. "अख्खं घमेलं द्या."

त्यानंतर मला बोलायला सवड मिळाली नाही. प्रत्येकाला कल्ला दाखवायचा, नानांनी भाव सांगायचा, क्वेसीने मासळी पिशवीत भरायची. भर दुपारच्या आत सातही घमेली रिकामी झाली. नानांनी एक रिकामं घमेलं पालथं घालून मला त्यावर बसवलं आणि हातावर केंकी दिली, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा उकडलेला गोळा, वर तिखटजाळ चटणी आणि तळलेला मासा. मी काटे न बघता खाल्ला. नाना ते बघत होत्या.

"आईचं नाव?" त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"मथुरा."

"मातुरा," त्या म्हणाल्या. आणि मग बाजारातल्या बायकांना माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. त्या दिवसानंतर किनाऱ्यावर मला कुणी ओब्रोनी म्हटलं नाही. मी 'मातुराची' झाले.

सोमवारी मी नऊशे शब्द लिहून मिस्टर क्वान्सांपुढे ठेवले. त्यात माफी होती, पश्चात्ताप होता, हर्णेचा सूर्यास्तही होता.

"दुरुस्ती अकराव्या पानावर जाते," ते म्हणाले. "भरती-ओहोटीच्या तक्त्याखाली."

"चूक पहिल्या पानावर होती."

"शोरलाइनने सतरा वर्षांत पहिल्या पानावर दुरुस्ती छापलेली नाही."

"सतरा वर्षांत चूक झाली नाही?"

"चुका पहिल्याच पानावर झाल्या," ते म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच ते वाक्य आवडलं नसावं. बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. "ठीक आहे. पण सूर्यास्त काढा. माफी ही बातमी नसते, मिस तांडेल. काय चुकलं, खरं काय होतं, कुणाचं चुकलं. संपलं."

नऊशे शब्दांपैकी जे उरलं ते असं होतं: 'मागच्या अंकात आम्ही मासळी सडल्याचं छापलं. ती ताजी होती. नाना एकुआ म्हणाल्या होत्या की बर्फ आला नाही तर ती सडेल. बर्फ अजून आलेला नाही. मासळी ताजी आहे हे आमच्या प्रतिनिधीला त्याच वेळी दिसलं होतं, कारण तिची आई मथुरा तांडेल भारतात हर्णे बंदरावर मासे विकते. हे तिने सांगितलं नाही. हर्षला तांडेल.'

'आंतरराष्ट्रीय प्रतिनिधी' मी काढून टाकलं. मिस्टर क्वान्सांनी ते पाहिलं, पण परत घातलं नाही.

शुक्रवारी रेडिओवरच्या माणसाने ती दुरुस्ती दोनदा वाचली आणि 'बर्फ अजून आलेला नाही' या वाक्यावर दहा मिनिटं बोलला. सोमवारी बर्फाचा ट्रक आला. पुढे मी बऱ्याच बातम्या लिहिल्या, आता आपल्याकडच्या एका दैनिकात दुसऱ्यांच्या तपासते, नवीन मुलांचे सूर्यास्त काढते. पण एका बातमीने बर्फ आणला असं पुन्हा कधी झालं नाही.

त्या शुक्रवारी सकाळीच मी आयला फोन लावला. आपल्याकडे दुपारचे चार वाजले होते, हर्णेला लिलावाची वेळ. मागे तोच गलका होता.

"काय गो? बरी हायस ना?"

मी तिला दुरुस्ती मराठीत वाचून दाखवली. अडखळत, कारण भाषांतर तिथल्या तिथे करत होते आणि एकही शब्द गाळायचा नव्हता.

"किती पाट्या खपवल्यास?" शेवटी तिने विचारलं.

"सात."

"किती वेळात?"

"दुपार व्हायच्या आत."

"बरं हाय." मग तिने मागे कुणाला तरी भाव सांगितला. "पुण्याला कॉलेजात नाव घातलंस, तवा फॉर्मवर आईचा धंदा काय लिवलावतास?"

तो फॉर्म इंग्रजीत होता. सही कुठे करायची ते मीच तिला बोट ठेवून दाखवलं होतं.

"गृहिणी," ती म्हणाली. "तू आंघोलीला गेलीवतीस तवा मी पोस्टातल्या जोगळेकरांकडना वाचून घेतला. वाचल्याबिगर मी सही करत नाय कुठं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलायचा? फॉर्म तुझा होता." पलीकडे कुणी तिला हाक मारली. "चल, ठेव. होडी लागली."

मी त्याच दिवशी पुण्याच्या कॉलेजला पत्र लिहिलं. माझ्या नोंदीत आईचा व्यवसाय चुकीचा लिहिला गेला आहे, दुरुस्त करावा. तीन महिन्यांनी, मी घरी परत आल्यावर, उत्तर आलं की विद्यार्थिनीचा अभ्यासक्रम पूर्ण झालेला असल्याने सदर बदलाची आवश्यकता नाही. मी पुन्हा लिहिलं. मग प्रत्यक्ष जाऊन तिथल्या क्लार्कपुढे बसले. चुकलं कुणाचं, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, माझं. त्याने तसं उत्तर पूर्वी ऐकलं नसावं, कारण त्याने लगेच नवीन दाखला टाइप करून दिला. व्यवसायापुढे 'मासळी विक्री'.

आयने तो दाखला घेतला, पदराला हात पुसले आणि सरळ पोस्टात गेली. जोगळेकर निवृत्त झाले होते, तर त्यांच्या घरी गेली. पूर्ण वाचून घेतला. त्या कागदावर पालकांच्या सहीसाठी जागाच नव्हती. तिने खालचा रिकामा कोपरा शोधला आणि तिथे सही केली.